टाळेबंदी आणि स्नायुक्षयाची मुले

काटोलहून नागपूर सुमारे 60 किलोमीटर. परंतु ज्या घरात स्नायूंच्या दीर्घ विकाराने ग्रासलेले मूल आहे, त्या घराला हे अंतर एसटी आणि रेल्वे सुरू असतील तोवरच जवळचे असते, कारण अशा विकाराचा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही आणि तपासणीसाठी नागपूरचे ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ हे शासकीय रुग्णालय गाठणे भाग पडते. मार्च 2020 मध्ये नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला, 22 तारखेपासून प्रवासी रेल्वे बंद झाली, पाठोपाठ टाळेबंदीचा हुकूम सुटला, आणि ज्या दोन शासकीय रुग्णालयांवर या कुटुंबांची भिस्त होती, तीच कोरोनाग्रस्तांच्या शुश्रूषेत गुंतली.

महामारीत कित्येक रोगांची चिकित्सा पुढे ढकलता येते. ड्युशेन स्नायुक्षयाची ढकलता येत नाही. जन्मणाऱ्या साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत साधारणपणे एकाला होणाऱ्या या आनुवंशिक विकारात स्नायूंना आधार देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयारच होत नाही. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकू लागतो, बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला बहुधा चाकांच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागतो, आणि पुढे हृदय व श्वसन यांनाही क्षीणता येते. समूळ बरे करणारा उपाय नसला, तरी स्टेरॉइडच्या गोळ्या आणि घोट्याचे स्नायू ताणणारा नित्य व्यायाम यांमुळे चालण्याची काही वर्षे बहुधा राखता येतात. मात्र त्यात खंड पडला, की आखडलेला घोटा नंतर कितीही मेहनत केली तरी पूर्ववत होईलच असे नाही. आणि दीर्घकाळ चालू असलेल्या गोळ्या दुकानात मिळाल्या नाहीत म्हणून एकाएकी थांबल्या, तर शरीरातील तत्सम स्राव निर्माण करणारी ग्रंथी सुप्त झालेली असल्यामुळे प्रत्यक्ष जिवालाच धोका उत्पन्न होतो. फुफ्फुसांची शक्ती मोजण्यासाठी यंत्रात जोराने फुंकावे लागते; त्यातून संसर्ग पसरण्याची भीती असल्याने ही तपासणीही ठिकठिकाणी स्थगित झाली.

25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याची नियमावली जाहीर केली, हे योग्यच झाले. गोळ्यांची मात्रा त्यावरून सांगता येते, परंतु घोटा किती आखडला हे हाताने चाचपल्यावाचून कळत नाही. शिवाय शाळा आणि अंगणवाड्या बंद पडल्याने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके जेथे जाऊन मुले तपासत, ती ठिकाणेच उरली नाहीत. म्हणजे ज्यांचे निदान व्हायचे होते, ती मुले तर कोणाच्या नजरेसही पडली नाहीत. हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते. पुढे 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल 2022 पर्यंत लांबला आणि तालुक्यातील गरिबाचा नागपूरचा रस्ता पुन्हा अडला.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्नायुक्षयाची स्वतंत्र नोंद आहे. तेव्हा आपत्तीच्या हुकुमातच या मुलांच्या औषधांची, वाहनाची आणि घरपोच व्यायामोपचाराची तजवीज असली पाहिजे, आणि तालुक्याच्या रुग्णालयात त्यांची यादी आजच तयार हवी. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी पुढच्या तपासणीच्या वेळी गोळ्यांची मात्रा, ताप आल्यास ती किती वाढवावी आणि रोजचा व्यायाम कोणता, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावे, आणि किमान महिनाभराच्या गोळ्या घरात शिल्लक ठेवाव्यात.