‘कल्पना सुचली कुठून?’ याच्या पुढचे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा चिकलठाणा एमआयडीसीतल्या प्रोझोन मॉलमध्ये, आयनॉक्सच्या पडद्यांवर देशोदेशीचे सिनेमे दिसतात. सिनेमा संपला की दिवे लागतात, लेखक-दिग्दर्शक पुढे येतात आणि प्रेक्षकांत माइक फिरू लागतो. या महोत्सवाचा पद्मपाणी पुरस्कार २०२४ मध्ये जावेद अख्तर यांना मिळाला आणि २०२५ मध्ये सई परांजपे यांना. एक पटकथाकार, दुसऱ्या स्वतःचे सिनेमे स्वतः लिहिणाऱ्या. म्हणजे लिहिणाऱ्यांना ऐकायला आपल्याला मुंबई-पुण्याला जायची गरज नाही.

पण माइक हातात आला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘ही कल्पना सुचली कुठून?’ त्याचं उत्तर दोन मिनिटांत संपतं, कारण पटकथेचं खरं काम कल्पना सुचल्यावर सुरू होतं. काय ठेवायचं, काय गाळायचं, कोणी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, अशा शेकडो निर्णयांतून सिनेमा लिहिला जातो. हे निर्णय कोणत्या क्रमाने होतात ते पाहू. प्रत्येक पायरीवर गाडी कुठे अडते आणि लेखकाला काय विचारता येईल, तेही पाहू.

पायरी १ : नामावली वाचा

आपल्याकडे श्रेयनामावलीत तीन शब्द येतात: कथा, पटकथा, संवाद. काय घडलं, ती कथा. ते पडद्यावर कोणत्या दृश्यांतून आणि कोणत्या क्रमाने दिसणार, ती पटकथा. पात्रांच्या तोंडची वाक्यं म्हणजे संवाद. कधी तिन्ही कामं एकच माणूस करतो, कधी तीन वेगळी माणसं.

श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ची (१९७६) पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद मात्र कैफी आझमींचे. ‘निशांत’ची (१९७५) पटकथाही तेंडुलकरांची आणि संवाद सत्यदेव दुबे यांचे. ‘देऊळ’साठी (२०११) गिरीश कुलकर्णी यांना संवादांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नेहमीची चूक अशी की एखादं टाळीचं वाक्य आवडतं आणि त्याबद्दलचा प्रश्न जातो भलत्याच माणसाला. नावं वाचून जा, म्हणजे प्रश्न योग्य माणसाला पोचेल. ही नावं सहज छापली जात नव्हती, हेही लक्षात असू द्या. ‘जंजीर’च्या (१९७३) पोस्टरांवर नाव नव्हतं, म्हणून माणूस पाठवून ते रंगवून घेतल्याचा किस्सा सलीम-जावेद सांगत आले आहेत.

पायरी २ : बीज आणि वनलाइन

बीज म्हणजे जिथून ठिणगी पडली ती जागा: एखादा माणूस, बातमी, ओळखीची गल्ली. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’मधल्या अंध मुख्याध्यापकाला दिल्लीतल्या एका अंधशाळेच्या खऱ्या मुख्याध्यापकांचा आधार होता. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’साठी (२०१४) मुंबईतल्या कनिष्ठ न्यायालयांत बसून तिथलं कामकाज पाहिलं.

बीजावर सिनेमा उभा राहत नाही. त्यासाठी वनलाइन लागते, म्हणजे एका-दोन वाक्यांत सांगितलेली गोष्ट: कोणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय. ‘एमआयडीसीतल्या कामगाराचं आयुष्य’ हा झाला विषय. ‘कारखाना बंद होणार हे घरी सांगायचं टाळणाऱ्या कामगाराला त्याच आठवड्यात मुलीची कॉलेजची फी भरायची आहे’ ही झाली वनलाइन.

नव्या लेखकांची गाडी सर्वांत जास्त इथेच अडते. विषय मोठा आहे म्हणजे गोष्टही आहे, असं वाटून ते थेट दृश्यं लिहायला बसतात आणि वीस पानांवर अडकतात. लेखकाला विचारण्याजोगा प्रश्न: ‘हा अनुभव गोष्ट होऊ शकतो असं तुम्हांला नेमकं कधी वाटलं?’

पायरी ३ : पुस्तकावरून सिनेमा असेल तर

रूपांतर म्हणजे आधीच्या कथेवरून, कादंबरीवरून किंवा नाटकावरून पटकथा करणं. मराठी साहित्याशी जोडलेली तीन उदाहरणं घेतली, तर कामाचे तीन प्रकार दिसतात.

‘सिंहासन’ (१९७९) हा सिनेमा अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे. तेंडुलकरांसमोर काम होतं निवडीचं आणि जोडणीचं. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’च्या (१९८३) मुळाशी श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा आहे. तिथे तेंडुलकरांना उलटं करायचं होतं, थोडक्यातलं वाढवायचं होतं. सई परांजपे यांचा ‘कथा’ (१९८३) शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून आला. नाटक रंगमंचाच्या चौकटीत घडतं. सिनेमात जिने, गॅलऱ्या, शेजारपाजार सगळं खुलं होतं आणि चाळच एक पात्र बनते.

इथे लोक हमखास विचारतात, ‘पुस्तकातला तो प्रसंग का नाही घेतला?’ या सुरात विचारलं की लेखक बचावाला उभा राहतो. त्याऐवजी विचारा: ‘कोणता प्रसंग गाळताना सर्वांत जड गेलं आणि त्याचं काम नंतर कोणत्या दृश्याने केलं?’

आपण स्वतः रूपांतर करणार असाल, तर हक्क आधी घ्या, लिहायला नंतर बसा. भारतीय कायद्याप्रमाणे साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं राहतो. तोवर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी लागते. ‘ते आमच्या ओळखीचे आहेत’ ही परवानगी नव्हे.

पायरी ४ : दृश्यक्रम

आता गोष्टीचे तुकडे पाडून ते क्रमाने लावायचे. बरेच लेखक एका कार्डावर एक दृश्य लिहितात आणि कार्डं भिंतीवर लावून वर-खाली करतात. प्रत्येक कार्डाला एकच कसोटी: या दृश्याच्या सुरुवातीला होती ती परिस्थिती शेवटी बदलली का? बदलली नसेल, तर दृश्य कितीही गोड असो, ते जाणार.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला एक प्रसंग या दृष्टीने पाहा. जब्याचं कुटुंब डुक्कर पकडायला धावतंय. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. शाळा, जात, पोट आणि राष्ट्र एकाच जागी एकमेकांसमोर येतात, तेही कोणी भाषण न करता. ते राष्ट्रगीत दहा मिनिटं आधी वाजलं असतं, तर नुसता तपशील ठरलं असतं. ताकद त्याच्या जागेत आहे.

‘कोर्ट’मध्ये निर्णय वेगळ्या जातीचा आहे. खटला चालू असताना कॅमेरा वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या खासगी आयुष्यात जातो. निकालाची उत्कंठा वाढवायच्या वेळी लेखक आपल्याला भाजी-किराण्यात आणि सहलीत का नेतो? हा प्रश्न लेखकाला जरूर विचारावा.

पायरी ५ : कागदावरची पटकथा

पटकथा वर्तमानकाळात लिहितात आणि तिच्यात दिसतं किंवा ऐकू येतं तेवढंच येतं. वर दृश्यशीर्षक, म्हणजे आत की बाहेर, जागा कोणती, वेळ कोणती. आपल्या कामगाराच्या गोष्टीतलं एक दृश्य आधी चुकीचं लिहू:

*शंकरला खूप अपराधी वाटत होतं. पंचवीस वर्षांची नोकरी आता जाणार होती आणि मुलीला काय सांगावं हे त्याला कळत नव्हतं.*

कथेत हे चालेल. पण कॅमेऱ्याने टिपायचं काय? तेच पटकथेत:

*दृश्य १२. बाहेर. कारखान्याचं गेट. संध्याकाळ.*
*शिफ्ट सुटते. कामगार घाईने बाहेर पडतात. शंकर (४८) मागे रेंगाळतो, सूचनाफलकासमोर थांबतो. खिशातून चष्मा काढतो, पण लावत नाही. फोन वाजतो.*
*शंकर : हाव, निघालोच... फी? भरू ना उद्या.*
*फोन ठेवतो. चष्मा पुन्हा खिशात. फलकाकडे पाठ करून चालू लागतो.*

अपराधीपणा हा शब्द कुठेच नाही. न लावलेला चष्मा आणि ‘भरू ना उद्या’ एवढ्यावर भागलं. नटाला करायला काम मिळालं, दिग्दर्शकाला दाखवायला जागा मिळाली.

ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मांडणीत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, असा अंदाज धरतात. देवनागरीत अक्षरांचा आकार आणि ओळींमधलं अंतर बदललं की हा हिशेब चुकतो, म्हणून मोठ्याने वाचून घड्याळ लावलेलं बरं.

पायरी ६ : संवाद

संवादात दोन चुका सतत दिसतात. पहिली: दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगणं. ‘दादा, तुला तर माहीतच आहे, बाबा जाऊन दहा वर्षं झाली.’ माहीत आहे तर सांगतोस कोणाला? प्रेक्षकाला. आणि ते प्रेक्षकाला लगेच कळतं. दुसरी: बोलीचा वरून लावलेला रंग. प्रमाण मराठीतलं वाक्य घेऊन त्यातला ‘का’ बदलून ‘काहून’ केला, म्हणून माणूस मराठवाड्याचा होत नाही. वाक्याची ठेवण आणि कुठे थांबायचं तेही त्याच मातीतलं लागतं.

न बोलणं हाही संवादलेखनाचाच भाग आहे. ‘सैराट’चा (२०१६) शेवट आठवा. सगळं थिएटर ज्याने हादरतं, तिथे आवाजच काढून घेतला आहे. लेखकाला विचारा: ‘कोणत्या दृश्यातले शब्द तुम्ही शेवटी काढून टाकले?’

पायरी ७ : नॅरेशन आणि पुनर्लेखन

आपल्या चित्रपटसृष्टीत पटकथा वाचायला देण्याइतकंच ती वाचून दाखवायला महत्त्व आहे. निर्माता किंवा नट यांच्यासमोर लेखक सगळी गोष्ट अभिनयासकट सांगतो. याला नॅरेशन म्हणतात. यातला धोका असा की चांगला सांगणारा कच्ची पटकथाही विकतो आणि ती फसल्याचं शूटिंगच्या वेळी कळतं.

मग सूचना येतात आणि नवा खर्डा सुरू होतो. ‘नायिकेचा राग कळत नाही’ अशी सूचना आली की अननुभवी लेखक तिला एक रागाचं वाक्य देतो. अनुभवी लेखक आधीची तीन दृश्यं तपासतो, कारण दुखणं बहुधा मागे असतं.

हा टप्पा शूटिंगलाही संपत नाही. ठरलेली जागा मिळत नाही, पाऊस येतो, दोन दृश्यांचं एक करावं लागतं. पुढे संकलनाच्या टेबलावर अख्खं उपकथानक जाऊ शकतं. आपण पाहतो तो सिनेमा आणि लेखकाने लिहिलेली शेवटची प्रत यांत तफावत राहतेच. म्हणून न पटलेल्या प्रत्येक गोष्टीचा जाब लेखकाला विचारणं बरोबर नाही.

पायरी ८ : नोंदणी

लिहून झालेली पटकथा दाखवायच्या आधी नोंदवा. मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांच्या लिखाणाची नोंदणी करते, आणि ती घरबसल्या ऑनलाइन होते. अमुक तारखेला हे लिखाण आपल्याकडे होतं, याचा पुरावा त्यातून मिळतो.

मात्र निव्वळ कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. तिच्या मांडणीवर असतो. ‘कारखाना बंद पडतो’ ही कल्पना कोणीही वापरू शकेल. आपली पात्रं, प्रसंग आणि त्यांची गुंफण कोणी उचलली, तर दाद मागता येते. म्हणून नुसती वनलाइन घेऊन फिरू नका. निदान सविस्तर कथासार तरी लिहून काढा.

पायरी ९ : आता माइक हातात घ्या

कार्यक्रमाला जाण्याआधी त्या लेखकाचा एक सिनेमा पुन्हा पाहा, या वेळी वही घेऊन. प्रत्येक दृश्यासाठी एक ओळ लिहा: कोण, कुठे, काय बदललं. अर्ध्या तासाच्या भागाचा असा आराखडा काढला तरी पुरे, प्रश्न त्यातूनच निघतील. लेखकाने स्वतः काही लिहिलं असेल तर तेही वाचा. सई परांजपे यांच्या ‘सय’ या आत्मकथनात त्यांच्या कामामागच्या अनेक गोष्टी आहेत.

प्रश्न एकच विचारा, छोटा विचारा आणि एका ठरावीक दृश्याबद्दल विचारा. स्वतःचं मत सांगून शेवटी ‘यावर आपलं काय म्हणणं?’ असं जोडलं की पुढच्या चार जणांची वेळ जाते. कार्यक्रम संपल्यावर आपली पटकथा लेखकाच्या हातात कोंबू नका. उद्या त्यांच्या लिखाणात योगायोगाने साम्य निघालं तर वाद नको, म्हणून अनेक जण ती घेतच नाहीत.

काहीच सुचलं नाही, तर कोणत्याही लेखकाला चालेल असा एक प्रश्न खिशात ठेवा: ‘पहिल्या खर्ड्यात होतं आणि आता सिनेमात नाही, असं काय आहे, आणि ते का गेलं?’ ‘द डिसायपल’साठी २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळवणारे ताम्हाणे असोत, की पहिली एकांकिका लिहिणारा आपल्या कॉलनीतला पोरगा, या प्रश्नावर प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही असतं. आणि कुठलंही ठरलेलं भाषण त्याला उत्तर म्हणून चालत नाही.