अकरावी विज्ञानाची जागा नेमकी कुठे आहे? जिल्ह्याच्या आकड्यात न दिसणारी विषमता

दहावीचा निकाल लागला की आपल्या विहारांमध्ये गुणवंतांचे सत्कार होतात. पुष्पगुच्छ, संविधानाची प्रत, बाबासाहेबांची प्रतिमा, दोन भाषणे आणि फोटो. हे व्हायलाच हवे. पण त्यानंतरच्या पंधरा दिवसांत त्या मुलामुलींच्या आयुष्यातला एक मोठा निर्णय होतो आणि त्या वेळी समाज म्हणून आपण त्यांच्याजवळ नसतो. अकरावीला कोणती शाखा आणि कोणते कॉलेज, हा तो निर्णय. अनेक घरांत तो गुणांवर किंवा आवडीवर होत नाही. एसटीची वेळ, कॉलेजची फी आणि शहरात राहायला एखाद्या नातेवाईकाची खोली आहे का, यावर होतो.

"आता तर सगळे ऑनलाइन आहे, आरक्षण आहे, जागाही रिकाम्या राहतात, मग अडचण काय?" असे आपल्यातलेही काही जण विचारतात. तो प्रश्न नीट समजून घ्यायला हवा.

अकरावी विज्ञान हा दरवाजा का आहे?

वैद्यकीय, बी.एस्सी. नर्सिंग, बी.फार्म, अभियांत्रिकी, कृषी या पदवी अभ्यासक्रमांचा मुख्य रस्ता बारावी विज्ञानातून जातो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतले नसेल तर नीट देता येत नाही. भौतिकशास्त्र आणि गणित नसेल तर अभियांत्रिकीची सीईटी उपयोगाची नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे, पण डॉक्टर व्हायचे असेल तर तशी बगल वाट नाही. शिवाय हा दरवाजा एकाच बाजूने उघडतो. विज्ञान जमले नाही तर कला किंवा वाणिज्यकडे येता येते. कला शाखेतून विज्ञानाकडे जायचे तर पुन्हा अकरावीपासून सुरुवात करावी लागते.

कला शाखा कमी प्रतीची आहे, असे इथे म्हणायचे नाही. वकील, प्राध्यापक, पत्रकार, अधिकारी तिथूनही घडतात. मुलीने विचार करून कला शाखा निवडली तर ती तिची निवड. पण तालुक्यात विज्ञानाची परवडणारी तुकडीच नाही म्हणून तिने कला शाखा घेतली असेल, तर त्याला निवड म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत आहे. खासगी शाळांतील २५ टक्के मोफत प्रवेशही आठवीपर्यंतच. अकरावी या कायद्याच्या बाहेर आहे. जवळ शाळा असण्याचा जो हक्क लहान मुलांना आहे, तो सोळा वर्षांच्या मुलीला नाही.

जागा भरपूर आहेत, पण कोणत्या?

२०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली. त्याआधी ती मुंबई महानगर क्षेत्र, पुणे व पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या महापालिका क्षेत्रांपुरती होती. त्या वर्षी दहावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी साधारण साडेचौदा लाख होते आणि अकरावीच्या जागा एकवीस लाखांहून अधिक. शेवटी आठ लाखांच्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या.

हे आकडे पाहिले की टंचाई नाहीच, असे वाटते. पण बेरीज राज्याची किंवा जिल्ह्याची असते आणि मुलगी राहते एका गावात. तिच्या दृष्टीने जागेचे चार गुण महत्त्वाचे असतात.

पहिला, अंतर. विज्ञानाच्या चांगल्या तुकड्या जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मोठ्या शहरांत एकवटल्या आहेत. लातूरसारख्या शहरात दहावीनंतर आसपासच्या जिल्ह्यांतून मुले येतात ती याचमुळे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, ही चांगली गोष्ट. पण पास मोफत असून भागत नाही. सकाळी साडेसातच्या तासाला पोहोचवणारी बस गावातून सुटते का आणि प्रॅक्टिकल संपल्यावर परतीची बस मिळते का, हे पाहावे लागते.

दुसरा, अनुदान. अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित आणि २०१२ च्या कायद्याखालील स्वयंअर्थसहाय्यित, असे कॉलेजांचे प्रकार आहेत. अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार शासन देते, म्हणून फी कमी असते. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीचा सगळा खर्च फीमधून निघतो. एकाच इमारतीत कला शाखा अनुदानित आणि विज्ञान शाखा विनाअनुदानित असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. मग कला आणि विज्ञान यांतला फरक घरच्यांना फीच्या पावतीवर कळतो.

तिसरा, प्रयोगशाळा आणि शिक्षक. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगशाळा नावापुरती असली तरी हे ३० गुण कागदावर मिळून जातात. उणीव उघडी पडते ती प्रवेश परीक्षेत आणि पदवीच्या पहिल्या वर्षात. शहरात काही कॉलेजांनी खासगी क्लासशी हातमिळवणी केली आहे. मुलाचे नाव कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये. हे थांबवण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. ज्यांना लाखाच्या घरातली फी भरता येते त्यांना क्लास सापडतो. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी कॉलेजातला तासच सर्वस्व असतो आणि तोच होत नाही.

चौथा, विशेष विषय. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र, मत्स्यव्यवसाय असे २०० गुणांचे द्विलक्ष्यी अभ्यासक्रम, म्हणजे सगळे ज्याला बायफोकल म्हणतात ते, काही मोजक्या कॉलेजांतच आहेत. मुख्य विज्ञान विषय कायम ठेवून ते घेता येतात. आपल्या वस्त्यांतील कित्येक मुलांना हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तो अकरावी सुरू झाल्यावर, शहरातल्या मित्राकडून.

आरक्षण जागेवर लागते, अंतरावर लागत नाही

अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा आहेत आणि बौद्धांना त्या मिळतात. तरी त्या जागेपर्यंत पोहोचण्याआधी काय घडते ते पाहा.

कॉलेजात १० टक्के जागा इन-हाऊस कोट्याच्या असतात. त्याच संस्थेच्या शाळेत दहावी केलेल्या मुलांसाठी. शिवाय ५ टक्के व्यवस्थापन कोटा. म्हणजे शंभरपैकी पंधरा जागा शहरातल्या नामांकित शाळेत पाचवीपासून शिकणाऱ्यांच्या किंवा ओळख असणाऱ्यांच्या वाट्याला जायची सोय आधीच झालेली आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा गावातल्या हायस्कूलच्या मुलाला शहरातल्या कॉलेजात इन-हाऊस कोटा नसतो.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत ५० टक्के जागा त्या अल्पसंख्याक समाजासाठी असतात. शहरांतील अनेक नामांकित कॉलेजे या गटात आहेत. तिथल्या उरलेल्या जागांवर सामाजिक आरक्षण लागू करण्याची तरतूद शासनाने २०२५ मध्ये केली होती. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. संविधानाच्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत, हा त्यामागचा मूळ मुद्दा.

बौद्ध हेही अधिसूचित अल्पसंख्याक आहेत, तेव्हा आपल्या संस्थांनी असा दर्जा घ्यावा, असे काही जण सुचवतात. विचार करण्यासारखी सूचना आहे, पण दुसरी बाजूही पाहावी. त्या दर्जाने बौद्ध मुलांसाठी निम्म्या जागा राखता येतील, पण मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त मुलांचे त्या संस्थेतले हक्काचे आरक्षण जाईल. बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने हा निर्णय डोळसपणे घ्यावा.

सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा शेवटच्या फेरीचा आहे. नियमित फेऱ्यांनंतर उरलेल्या आरक्षित जागा 'सर्वांसाठी खुल्या' फेरीत इतरांना मिळतात. शहरातल्या कॉलेजची जागा आपल्या मुलीला गुणांवर मिळत होती, पण राहण्याची सोय नव्हती म्हणून तिने पसंतीच भरली नाही, तर ती जागा रिकामी दिसते. मग "यांना जागा देऊनही भरत नाहीत" असे म्हणायला लोक मोकळे होतात.

वसतिगृहाचा निर्णय आधी हवा

सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे तिचे स्वरूप. अकरावीच्या मुलांनाही ती लागू आहे, गुणांची अट मात्र असते.

योजना चांगली आहे, तिचे वेळापत्रक उलटे आहे. कॉलेजची जागा मिळाली की दोन-तीन दिवसांत प्रवेश पक्का करावा लागतो. वसतिगृहाची यादी त्यानंतर लागते आणि स्वाधारचे पैसे आणखी पुढे, हप्त्यांत. शेतमजुरी करणाऱ्या आईवडिलांनी मधल्या महिन्यांचे खोलीभाडे आणि खानावळ कशातून भरायची? पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही तर मूल नियमित फेऱ्यांतून बाहेर पडते. म्हणून घरचे धोका पत्करत नाहीत आणि जवळचे कला महाविद्यालय बरे म्हणतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातातल्या माहितीनुसार त्यांचा निर्णय शहाणपणाचाच असतो.

समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांनी 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना मांडली, ती इथे उपयोगी पडते. दहा पसंतीक्रम कसे लावायचे, कोणत्या कॉलेजची प्रयोगशाळा चालू आहे, बायफोकल म्हणजे काय, ही माहिती काही घरांत पिढीजात असते. आपल्या बहुतेक घरांत ती पहिल्या पिढीच्या अनुभवातून, चुकत-माकत मिळते.

मिलिंद महाविद्यालयाचा धडा

१९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. निजामाच्या राजवटीत मागे राहिलेल्या मराठवाड्यातल्या मुलांना मुंबईला बोलावून घेता आले असते, सिद्धार्थ महाविद्यालय तिथे १९४६ पासून होतेच. बाबासाहेबांनी महाविद्यालय मुलांच्या प्रदेशात नेले आणि सोबत वसतिगृहे उभी केली. जागा, अंतर आणि निवारा हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकत्र सोडवले. आज आपण पहिल्याबद्दल बोलतो आणि उरलेले दोन कुटुंबावर सोडून देतो.

आपण काय करू शकतो?

तालुक्याचा नकाशा करा. आपल्या तालुक्यात दहावी किती मुले उत्तीर्ण झाली, विज्ञानाच्या अनुदानित जागा किती, विनाअनुदानित किती, बायफोकल कुठे, हे एका पानावर मांडा. काही माहिती प्रवेशाच्या संकेतस्थळावर आहे. बाकीची दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आणि विभागीय शिक्षण उपसंचालक कार्यालयाकडे मागा.

मे महिन्यातच विहारात मदत केंद्र सुरू करा. एक लॅपटॉप आणि प्रक्रिया माहीत असलेले दोन कार्यकर्ते पुरेत. पहिली पसंती विचार करूनच भरायला सांगा. कॉलेज अनुदानित आहे का आणि महाडीबीटीवर नोंदलेले आहे का, हे पसंती भरण्याआधी तपासा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, तेव्हा उत्पन्नाचा दाखला निकालाआधी काढून ठेवा.

कागदपत्रे नववीपासून सुरू करा. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधायला वेळ लागतो. अकरावी विज्ञानात प्रवेश झाला की त्याच वर्षी कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज करा. बारावीनंतर धावपळ करताना अनेकांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या जागा हातून जातात.

मागण्या नेमक्या करा. प्रत्येक तालुक्यात दहावी उत्तीर्णांच्या प्रमाणात विज्ञानाची अनुदानित तुकडी. कॉलेजचा प्रवेश आणि वसतिगृहाचा प्रवेश एकाच वेळी. स्वाधारचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबर. आरक्षित जागा खुल्या करण्याआधी तालुकानिहाय कारणांची माहिती जाहीर करणे. "शिक्षण सुधारा" या घोषणेला अधिकारी मान डोलावतो. "आमच्या तालुक्यात इतकी मुले आणि अनुदानित विज्ञानाच्या जागा शून्य" याला मात्र त्याला लेखी उत्तर द्यावे लागते.

मित्रांनो, 'शिका' हा आदेश आपण सर्वांनी ऐकला आहे. पण शिकायची जागा साठ किलोमीटरवर असेल आणि तिथे राहायला छप्पर नसेल, तर तो आदेश एकट्या मुलीने पाळायचा नसतो. तिच्यासाठी संघटित होणे हे आपले काम आहे. पुढच्या निकालाच्या दिवशी सत्कार जरूर करा. मात्र पुष्पगुच्छाबरोबर तालुक्यातल्या विज्ञान तुकड्यांचे ते एक पानही तिच्या हातात द्या आणि अर्ज भरायला तिच्या शेजारी बसा.

जय भीम!