भाजली तरी तंबाखूच

तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांवर घासायची. मशेरी भाजताना घरभर ठसका उठतो. तरी ती लावणारी बाई मनापासून सांगते, "मी कुठं तंबाखू खाते?" कॅन्सरविषयीचे गैरसमज असे रोजच्या सवयीत मुरलेले असतात.

गैरसमज : मशेरी म्हणजे दंतमंजन.
वस्तुस्थिती : भाजल्याने तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्ये जात नाहीत. निकोटिनही राहते, म्हणूनच मशेरी लावल्याशिवाय चैन पडत नाही.

गैरसमज : नुसत्या सुपारीने काय होतंय?
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. सुपारीने गालाची आतली त्वचा निबर होत जाते, तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. आपलीच तीन बोटे एकावर एक ठेवून तोंडात जातात का, पाहा. जात नसतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज : थोडी दारू चालते.
वस्तुस्थिती : कर्करोगाच्या बाबतीत दारूचे सुरक्षित प्रमाण नाही. शरीरात तिचे अॅसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करते. जोडीला तंबाखू असेल तर तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका कैकपटींनी वाढतो.

गैरसमज : साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो.
वस्तुस्थिती : ग्लुकोज शरीरातल्या सगळ्याच पेशींना लागते, गोड खाल्ले नाही तरी शरीर ते तयार करते. खरा धोका अति गोडाने सुटणाऱ्या वजनाचा आहे. लठ्ठपणामुळे आतड्याच्या, गर्भाशयाच्या आणि पाळी गेल्यानंतर होणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी यांतला चोथा आतड्याला जपतो. उपचार चालू असलेल्याने मात्र ऐकीव सल्ल्यावर जेवण तोडू नये. त्याला ताकद हवी.

गैरसमज : नशिबात असेल तर होणारच.
वस्तुस्थिती : थेट आनुवंशिक दोषातून येणारे कॅन्सर साधारण ५ ते १० टक्केच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येतात. सारे पथ्य पाळूनही काहींना तो होतो, म्हणून आजारी माणसाला बोल लावू नये.

गैरसमज : इतकी वर्षे खाल्ली, आता सोडून काय फायदा?
वस्तुस्थिती : तंबाखू कोणत्याही वयात सोडली तरी धोका वर्षागणिक उतरतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला तोंडाचा कॅन्सर सहसा दुखत नाही, आणि बरा होण्याची आशा तेव्हाच सर्वांत जास्त असते.