तांदूळ, बैल आणि वेलिंग्टनचा ड्यूक

तुमसरच्या बाजारपेठेत नव्या धानाची आवक सुरू झाली म्हणजे तेथील व्यवहारांकडे पाहताना युरोपच्या इतिहासाची आठवण कोणाला होण्याचे कारण नाही. तथापि वॉटर्लूच्या रणांगणावर १८ जून १८१५ रोजी नेपोलियनचा पराभव करणारा सेनापती युद्धकला शिकला तो दक्षिण हिंदुस्थानात व दख्खनमध्ये. आणि तेथे तो जे शिकला त्याचे सार तांदूळ व बैल या दोन शब्दांत सांगता येते, असे त्याचे स्वतःचेच मत होते. हा सेनापती म्हणजे ऑर्थर वेलस्ली, पुढे वेलिंग्टनचा पहिला ड्यूक आणि इंग्लंडचा पंतप्रधान. नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीचा पश्चिमेकडील व समुद्राकाठचा मुलूख एकाच तहाने तोडून घेणारा तो हाच. या मुलखातील विद्यार्थ्याला वॉटर्लू पाठ असते आणि देवगाव ठाऊक नसते, ही आपल्या इतिहासशिक्षणाची एक गंमतच म्हणावयाची.

१७६९ साली आयर्लंडमधील एका इंग्रज सरदार घराण्यात तो जन्मला. घराणे कुलीन खरे, पण कर्जात बुडालेले. ईटनच्या शाळेत त्याने काही चमक दाखविली नाही. सारंगी जातीचे व्हायोलिन मात्र तो बरे वाजवीत असे. त्या काळी इंग्रजी सैन्यातील हुद्दे रोख पैसे देऊन विकत घेता येत. थोरला भाऊ रिचर्ड याने दिलेल्या पैशांच्या बळावर वयाच्या चोविसाव्या वर्षी, १७९३ साली, तो एका पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. तत्पूर्वी १७९० मध्येच आयर्लंडच्या पार्लमेंटात घराण्याच्या हक्काची जागा त्याला मिळाली होती. म्हणजे शिपाईगिरी आणि राजकारण या दोन्ही दारांतून त्याचा प्रवेश झाला तो कुळाच्या पुण्याईवर. १७९३ मध्येच त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली व पुन्हा कधी वाद्याला हात लावला नाही.

१७९७ च्या प्रारंभी तो कलकत्त्यास उतरला आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. श्रीरंगपट्टणवरील निर्णायक हल्ल्याचे नेतृत्व ४ मे १७९९ रोजी केले बेअर्ड या सेनानीने. ते शहर ताब्यात आल्यावर तेथील कारभार सोपविण्यात आला तो मात्र गव्हर्नर जनरलच्या धाकट्या भावावर. कचेऱ्यांतून आयुष्य घालविणाऱ्यांना या प्रकाराचे नवल वाटणार नाही. नवल आहे ते पुढे. वशिल्याने मिळालेल्या जागेवर बसून हा माणूस कामाला लागला, आणि काम मन लावून शिकला.

हे काम रसदीचे होते. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या चपळ बैलांची किंमत त्याने ओळखली. वंजाऱ्यांच्या तांड्यांशी करार करून धान्य सैन्याच्या पाठोपाठ चालेल अशी व्यवस्था त्याने लावली. रयतेकडून घेतलेल्या दाण्याचे दाम रोख द्यावे आणि लूट करणाऱ्या आपल्याच शिपायाला फाशी द्यावे, हा त्याचा शिरस्ता होता. यात भूतदया शोधण्याचे कारण नाही. लुटलेल्या गावातून दुसऱ्या वेळी धान्य मिळत नाही, हा त्यामागील हिशेब. उलट मराठी फौजांचे पगार महिनोन् महिने थकत आणि त्या ज्या मुलखातून जात तो मुलूखच त्यांचे कोठार ठरे. शौर्यात मराठे उणे पडले असे इंग्रजांनीही कधी म्हटले नाही. उणे पडली ती पत आणि एकजूट.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज पत्करली आणि मे १८०३ मध्ये वेलस्लीच्या पहाऱ्यात तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. दौलतराव शिंदे व दुसरे रघूजी भोसले यांना हे मानवणे शक्य नव्हते. होळकर मात्र बाजूस राहिले. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबर रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावाजवळ, शिंदे-भोसल्यांचा प्रचंड तळ वेलस्लीच्या अवचित दृष्टीस पडला. सहकारी स्टीव्हन्सनची फौज दूर होती. वाटाड्यांनी सांगितले की केळणा नदीला जवळपास उतार नाही. पण नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसत होती. त्यांत येणेजाणे असणारच आणि म्हणून उतारही असणारच, असा तर्क करून त्याने सैन्य तेथून पार नेले. तर्क खरा ठरला, पण किंमत भयंकर पडली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी व तोफखान्याने इतका मारा केला की इंग्रजांकडील सुमारे सोळाशे माणसे, म्हणजे लढाईत उतरलेल्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश, ठार किंवा जखमी झाली. त्यांत मद्रासी शिपायांची संख्या मोठी होती, हे वॉटर्लूच्या कीर्तीपुढे विसरले जाते. रघूजी व दौलतराव दोघेही रणांगणावर टिकले नाहीत. तोफांपाशी मेले ते त्यांचे गोलंदाज. पुढे उतारवयात, आपण केलेली सर्वोत्तम लढाई कोणती असे विचारता वेलिंग्टनने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले.

त्यानंतर युद्ध भोसल्यांच्या वऱ्हाडात शिरले. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील आडगावी रघूजींच्या बंधूंच्या हाताखालील सैन्याचा मोड झाला, १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. कटकचा प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. तो कंपनीने निजामाच्या पदरात टाकला. नागपूरला इंग्रज रेसिडेंट आला. रघूजींनी तैनाती फौज मात्र मरेपर्यंत, म्हणजे १८१६ पर्यंत, पत्करली नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदली पाहिजे. परंतु गेलेल्या महसुलाची भरपाई त्यांनी केली ती उरलेल्या मुलखातून, वैनगंगेच्या खोऱ्यातील रयतेकडून. पट्ट्या वाढल्या, शिपायांचे पगार कापले गेले आणि लोकांनी आपल्या राजाला ‘बडा बनिया’ हे नाव ठेवले. तह दरबारात होतात. त्यांचे हप्ते शेतकरी फेडतो.

१८०४ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पाऊस हुकला होता, आणि फौजांनी आधीच मुलूख उजाड केला होता. अहमदनगरच्या इंग्रज कलेक्टरला वेलस्लीने या वेळी कळविलेले धोरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासण्याजोगे आहे. फुकट धान्य वाटणे ही सदोष पद्धत आहे. जे काम करू शकतात त्यांना टिकाऊ उपयोगाच्या कामावर लावावे, आणि वृद्ध, मुले व आजारी यांना वेगळे ठेवून अन्न व औषध द्यावे, असा त्याचा आशय होता. १९७२ च्या दुष्काळाचा अनुभव घेऊन महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्याशी याचे साम्य चटकन लक्षात येते. भेदही तितकाच मोठा आहे. तेथे काम मिळणे ही सेनापतीची मर्जी होती, येथे तो मजुराचा हक्क झाला. शिवाय दुष्काळाला हातभार लावणाऱ्या युद्धातील एक पक्ष तो स्वतःच होता.

१८०५ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा त्याच्या गाठीस सुमारे ४२ हजार पौंड होते. स्पेन-पोर्तुगालमधील दीर्घ युद्ध, ड्यूक ही पदवी आणि वॉटर्लू यांची कथा सर्वश्रुत आहे. जानेवारी १८२८ मध्ये तो पंतप्रधान झाला. रणांगणावर माघार केव्हा घ्यावी हे जाणणारा हा माणूस राजकारणात एकदा शहाणपणाने वागला व एकदा फसला. आयर्लंडमध्ये यादवी पेटेल हे ओळखून, स्वतःचा कल विरुद्ध असूनही, १८२९ साली त्याने कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडून दिले आणि त्यापायी एका उमरावाशी पिस्तुलांचे द्वंद्वही खेळले. परंतु मताधिकार वाढविण्याची मागणी आली तेव्हा, नोव्हेंबर १८३० मध्ये, असलेली व्यवस्थाच उत्तम असल्याचे त्याने ठासून सांगितले. पंधरवड्यात मंत्रिमंडळ कोसळले. पुढे जमावाने त्याच्या लंडनच्या वाड्याच्या काचा फोडल्या व त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसविल्या. १८४६ मध्ये धान्यावरील आयात जकात उठविण्याचे विधेयक त्याने लॉर्डांच्या सभेत पार पाडले. त्याला स्वतःला ते मान्य नव्हते, पण राणीचा कारभार अडू नये हे त्याला अधिक मोलाचे वाटले. स्वस्त धान्याचे महत्त्व छावणीत जाणणाऱ्याला ते बाजारात पटू नये, यात त्याच्या जमीनदार वर्गाचा वाटा असावा.

१४ सप्टेंबर १८५२ रोजी तो मरण पावला. पुढच्याच वर्षी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले, आणि डिसेंबरात तिसरे रघूजी वारल्यावर डलहौसीने नागपूरचे राज्यही खालसा केले. १८०३ मध्ये वर्धा नदीवर तोडलेले दोन्ही तुकडे असे एकाच धन्याकडे आले, तरी ते जुळले नाहीत. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीची खातेदारी पद्धत लागू झाली; नागपूर प्रांतात मालगुजारी आली आणि ती १९५१ पर्यंत टिकली. कोहळी शेतकऱ्यांनी पूर्वी खोदलेले भंडारा जिल्ह्यातील तलाव मालगुजारांच्या नावावर चढले ते याच व्यवस्थेत. मालगुजारी जाऊन सात दशके लोटली, तलाव सरकारचे झाले, तरी सरकारी दप्तरात त्यांचे नाव अजून ‘माजी मालगुजारी तलाव’ असेच आहे, आणि तुमसरच्या बाजारात येणाऱ्या धानापैकी काही आजही त्याच पाण्यावर पिकते.