पाणी पिताना ठसका लागतो तेव्हा
अर्धांगवायूनंतर दाभोसा गावातल्या एखाद्या आजोबांना पाणी पिताना ठसका लागू लागला, तर घास श्वासनलिकेत उतरतो का, हे दुर्बिणीने पाहता येते. सुझन लँगमोर यांनी १९८८ मध्ये ही तपासणी मांडली. रुग्ण जागा, बसलेला. गुंगीचे औषध नाही. नाकातून दुर्बिणीची बारीक, लवचीक नळी घशापर्यंत जाते. नाक चुरचुरते, डोळ्यांत पाणी येते. मग रंग घातलेले पाणी, दही, बिस्कीट गिळायला देतात. विचारून घरची नागलीची आंबील, भाकरीही न्यावी. रोजचे खाणेच तपासले जावे, असे मला मनापासून वाटते. काहींना घास वाट चुकला तरी खोकला येत नाही. पडद्यावर मात्र रंगाचा माग दिसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.