विडीतील सामान्य दोष व त्यांची कारणपरंपरा

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव नागझिरा अभयारण्याच्या सीमेवर वसले आहे. १९७० साली घोषित झालेल्या या अभयारण्यातून व्यापारासाठी वनोपज काढण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रतिबंध आहे. परंतु जिल्ह्यातील इतर वनांतून दर उन्हाळ्यात तेंदूची पाने गोळा होतात. गोंदिया हे विडीधंद्याचे जुने केंद्र असल्यामुळे पान आणि विडी यांचा विचार या परिसरात वेगवेगळा करता येत नाही. विडीचे पान तडकते, ती ओढली जात नाही, तिला बुरशी येते, ती वारंवार विझते, या तक्रारी नित्याच्या आहेत. त्यांचे खापर बहुधा विडी वळणाऱ्या हातावर फोडले जाते. यांपैकी कोणता दोष कोठे उत्पन्न होतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

विडीची रचना अत्यंत साधी असते. तेंदू अथवा टेंभुर्णीच्या पानाचा कातरलेला तुकडा, त्यात सुमारे ०.२ ग्रॅम तंबाखूचा जर्दा आणि बांधण्यास सूत, एवढेच तिचे घटक. तिला डिंक लागत नाही. वळताना पान मऊ असावे आणि वाळल्यावर त्याने घेतलेला आकार सोडू नये, या दोन गुणांवर तिचा डोलारा उभा असतो. हे दोन्ही गुण पानातील ओलाव्यावर अवलंबून असल्यामुळे विडीच्या बहुतेक दोषांचे मूळ ओलाव्याच्या न्यूनाधिक्यात सापडते.

पान तडकणे हा पहिला दोष. कोरड्या पानाच्या पेशीभित्ती ताठर होतात व वळताच शिरेलगत फाटतात. म्हणून पाने भिजवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात व नंतर फर्म्याच्या मापाने कातरतात. परंतु जून, जाड शिरांचे पान कितीही भिजविले तरी पुरेसे लवचिक होत नाही. त्याचा उपाय घरात नसून जंगलात आहे. उन्हाळ्याच्या आरंभी होणारी खुटकटाई, म्हणजे तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटणे, वेळेवर झाली तरच कोवळ्या फुटव्यांना मोठी, पातळ पाने येतात. तोडणीस विलंब झाला किंवा गारपीट झाली, तर पान आधीच बिघडलेले असते.

दुसरा दोष ओढीचा. जर्दा दाबून भरला तर हवेचा मार्ग अरुंद होतो. सैल भरला तर तंबाखू गळते आणि विडी एका बाजूने भरभर जळते. हा दोष मात्र खरोखर हाताचा असून तो सरावाने दूर होतो. तरीही जर्द्यात काड्या अधिक असल्या अथवा तो भुकटीसारखा असला, तर कुशल हातालाही एकसारखी भरणी साधत नाही.

तिसरा दोष बुरशीचा. फळीवर पुडे उलटसुलट करून वाळवितात. गोणीत भरताना पान चुरू नये म्हणून त्यावर थोडे पाणी शिंपडतात. पाणी अधिक झाले, किंवा अवकाळी पावसात पुडे सापडले, तर बुरशीचे बीज तेथेच पेरले जाते. बांधलेल्या विड्या भट्टीच्या उष्णतेने नीट वाळविल्या नाहीत तरीही हाच परिणाम होतो.

चौथा दोष, विझण्याचा, वेगळ्या जातीचा आहे. ओलसर जर्दा हे त्याचे एक कारण खरे. परंतु तेंदूचे पान सिगारेटच्या कागदाइतके सच्छिद्र नसते व सहज जळतही नाही. त्यामुळे निर्दोष विडीसुद्धा पेटती ठेवण्यासाठी वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. तंबाखू थोडी असूनही विडीच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड, डांबर व निकोटिन सिगारेटपेक्षा कमी मिळत नाहीत. उलट बहुधा अधिकच मिळतात, याचे हे एक प्रमुख कारण आहे. हा दोष वस्तूच्या घडणीतच आहे. कोणतेही कौशल्य तो दूर करू शकत नाही आणि सुबक वळलेली विडी निरुपद्रवी ठरत नाही.

या कारणपरंपरेला आर्थिक बाजूही आहे. ठेकेदार पान व जर्दा देतो, घरोघरी बहुतांशी स्त्रिया विड्या वळतात आणि मजुरी हजारी हिशेबाने मिळते. नापसंत विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात व त्यांची मजुरी बुडते. पान खराब निघाले तर तूट भरून काढण्यासाठी पदरचे पान विकत घेण्याची पाळीही वळणारीवरच येते. विडी व सिगार कामगार (रोजगाराच्या अटी) अधिनियम, १९६६ याने कच्चा माल, नापसंती व मजुरी यांविषयीचे तंटे नियुक्त अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय केली, आणि त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीस साधारणतः ५ टक्क्यांची मर्यादा घातली. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत तो सामावून घेण्यात आला.

कायदा टक्केवारी ठरवितो. दोषाचे कारण तो ठरवीत नाही. वर वर्णिलेल्या चार दोषांपैकी केवळ भरणीचा दोष मुख्यतः वळणारीच्या हातचा आहे. तडकणे व बुरशी यांचा उगम बहुधा जंगल, फळी, गोदाम वा भट्टी येथे होतो आणि विझण्याचा उगम पानाच्या स्वभावात असतो. म्हणून छाटीच्या ढिगाकडे पाहताना विडी किती वाईट, एवढेच विचारणे पुरेसे नाही. ती कोणत्या टप्प्यावर बिघडली, हे निश्चित झाल्याखेरीज तिची मजुरी कापणे म्हणजे एकाच्या चुकीचा दंड दुसऱ्याकडून वसूल करणे होय.