अभयदान आपल्या उंबरठ्याच्या आत

जीवंधरकुमाराची कथा जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मार खाऊन मरणासन्न पडलेल्या एका श्वानाच्या कानी कुमाराने पंचनमस्कार मंत्र घातला आणि तो श्वान पुढे सुदर्शन नावाचा यक्ष झाला. वादीभसिंहसूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’त हा प्रसंग आला आहे. त्या जीवाचे प्राण वाचविणे कुमाराच्या हाती उरले नव्हते, तरी त्याने त्याला एकटे सोडले नाही. आज ज्यांच्या घरी भ्यालेला श्वान येतो, त्यांच्या हाती याहून पुष्कळ अधिक असते.

नागपूरकरांना हा विषय नवा नाही. ज्यांना मोकाट श्वानांना खाऊ घालायचे असेल त्यांनी ते दत्तक घ्यावेत, महापालिकेकडे नोंदवावेत आणि घरीच खाऊ घालावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुढे २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले व इच्छुकांना श्वान दत्तक घेण्याची मुभा दिली. मात्र दत्तक घेतलेला श्वान पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. पुण्यकर्म म्हणून घरी आणलेला जीव पुढे दहा-बारा वर्षे त्या घराचा असतो.

इतवारी-गांधीबागेकडील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. खाली दुकान, वर एकत्र कुटुंब. मुलांच्या हट्टाने गल्लीतील श्वान घरी येतो आणि थेट दिवाणाखाली शिरतो. दोन दिवस अन्नाला तोंड लावीत नाही. तिसऱ्या दिवशी नातू त्याला बाहेर ओढण्यासाठी हात घालतो आणि आतून गुरगुर ऐकू येते. आजी धास्तावतात, ‘नको हे लोढणे, सोडून या’ असे कुणीतरी म्हणते. त्या श्वानाचे भवितव्य या एका घटकेत ठरते. म्हणून त्या गुरगुरण्याचा अर्थ घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

गुरगुरणे हा कृतघ्नपणा नव्हे. ‘मला भय वाटते, जवळ येऊ नका’ एवढेच तो सांगत असतो. त्याबद्दल त्याला मारले, तर तो सूचना देणे सोडतो आणि पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. श्वानाच्या पिल्लाला माणसांची व घरगुती आवाजांची सवय प्रामुख्याने वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांत लागते. तो काळ ज्याचा रस्त्यावर दगड चुकविण्यात गेला, त्याला मिक्सरचा आवाजही संकट वाटतो. शेपूट पायांत घेणे, कान मागे पाडणे, वारंवार ओठ चाटणे, झोप नसता जांभया देणे, तोंड फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखविणे, ही सारी भयाची लक्षणे होत. शेपूट हलणे म्हणजे नेहमी आनंदच, असेही नाही.

अशा श्वानासाठी प्रथम एक कोपरा ठरवावा. तो रहदारीच्या वाटेवर नसावा, बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा असावा आणि तेथे असताना त्याला कुणीही, विशेषतः मुलांनी, हात लावू नये. जेवण रोज त्याच वेळी, त्याच जागी ठेवावे. सुरुवातीस एकाच व्यक्तीने थोड्या अंतरावर, त्याच्याकडे न पाहता, कुशीवर वळून बसावे. पनीरचा लहान तुकडा हातून देण्याऐवजी त्याच्यापुढे अलगद टाकावा. तो आपण होऊन जवळ आला, तरच छातीकडे किंवा मानेच्या बाजूला हळूच खाजवावे; डोक्यावरून हात नेऊ नये. त्याला दूर जायचे असेल तर जाऊ द्यावे. सुक्यामेव्याच्या घरांनी ध्यानात ठेवावे की मनुका व चॉकलेट श्वानाला विषासमान आहेत.

व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. बाजारात पत उभी राहते ती ठरल्या दिवशी, ठरली रक्कम पुनःपुन्हा चुकती करण्याने. आणि एका चुकीने ती जाते. श्वानाचा विश्वासही असाच साठतो. काही श्वानांना आठवडे लागतात, काहींना कित्येक महिने. वठणीवर आणण्यासाठी सतत बांधून ठेवणे, मारणे, उपाशी ठेवणे हे उपाय सर्रास सुचविले जातात. परंतु बंध, वध आणि अन्नपाननिरोध हे तर अहिंसाणुव्रताचे अतिचार म्हणून प्रत्येक श्रावकाला परिचित आहेत. व्यवहारदृष्ट्याही ते भय वाढवितात.

खरी कसोटी दिवाळीची. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. श्वानाला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे. महावीर-निर्वाणाच्या मंगल पर्वात आपल्याच दारच्या फटाक्यांनी एखादा जीव थरथरावा, हे विसंगत आहे. त्या दिवसांत श्वानाला उजेडीच फिरवून आणावे, दारे-खिडक्या लावून पडदे ओढावेत, पंखा सुरू ठेवावा, गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. तो बिलगला तर जवळ घ्यावे. धीर दिल्याने भय वाढते, ही समजूत चुकीची आहे. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी मंद आवाजात लावून सोबत खाऊ देण्याचा सराव काही आठवडे आधीपासून करता येतो. श्वान अस्वस्थ दिसताच आवाज कमी करावा.

भय अचानक वाढले तर त्यामागे दुखणेही असू शकते. अशा वेळी पशुवैद्यांना दाखवावे. सेमिनरी हिल्स येथे १९५८ पासूनचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या त्याला कदापि देऊ नयेत. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. दात किंवा नख लागलेच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दयेला ही सावधगिरी हवीच.

मग एखाद्या दुपारी, दुकान बंद करून मंडळी जेवायला वर आलेली असताना, तो दिवाणाखालून आपण होऊन बाहेर येतो आणि पंगतीपासून चार हात दूर, पोट उघडे टाकून, कुशीवर झोपी जातो. भ्यालेला जीव असा झोपत नाही. त्या क्षणी घरातील कुणी त्याला हाक मारू नये. जेवण शांतपणे चालू ठेवावे.